असल्यासकाकांचा प्रश्न

काकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी अख्ख्या इमारतीत त्यांना असल्यासकाका म्हणत, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. ते प्रश्नांचे मसुदे लिहीत. सभागृहातल्या सदस्याला मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारायचा असला की त्याचा एक ठरलेला साचा असतो. भाग (अ): अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? भाग (ब): असल्यास, त्याची कारणे काय? भाग (क): असल्यास, सरकारने कोणती कारवाई केली? ज्या माणसानं एकतीस वर्षं दिवसातून दहा वेळा ‘असल्यास’ लिहिलं, त्याला ते चिकटणारच.

सदस्य निवडून येत, पडत, एखादा मंत्री होऊन वरच्या मजल्यावर जाई. काका मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तसेच राहिले. आत्ताच्या सदस्यबाई त्यांच्या पाचव्या. खोलीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक प्रिंटर आणि पाणी तापवायची किटली. किटली आणि प्रिंटर एकदम चालू केले की सगळ्या मजल्याची वीज जायची. त्यामुळे आधी चहा की आधी कागद, हा त्या खोलीतला सगळ्यात वादाचा विषय होता.

सवय घरीही सुटली नव्हती. एकदा काकूंनी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती: ‘दूध संपले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते आणण्यास होणाऱ्या विलंबाची कारणे काय?’ काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खाली पेन्सिलीनं ‘हे खरे आहे’ असं लिहिलं आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.

दर वर्षी एका विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आपले विद्यार्थी सोळा आठवड्यांसाठी राजधानीत पाठवायचा. पुस्तकातलं राजकारण वर्गात शिकायचं आणि खरं राजकारण इथं येऊन बघायचं, अशी ती योजना. आठवड्यातले चार दिवस एखाद्या सदस्याच्या कार्यालयात काम, पाचव्या दिवशी प्राध्यापकांसमोर चर्चा, आणि शेवटी एक अहवाल. पोरं येताना मोठ्या थाटात यायची. पहिल्या आठवड्यात गळ्यात ओळखपत्र घालून मुख्य पायऱ्यांवर फोटो काढायची. दुसऱ्या आठवड्यात कोणती लिफ्ट चालते ते त्यांना कळायचं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्यांचा उत्साह झेरॉक्सच्या यंत्रापाशी उतरलेला असायचा. काकांकडे दर वर्षी त्यांतलं एक यायचं, आणि काका त्याला प्रश्न लिहायला शिकवायचे. त्यांना ते आवडायचं, पण तसं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी जी विद्यार्थिनी आली, ती सगळं लिहून घ्यायची. पाण्याचं पिंप कुठं आहे हेसुद्धा तिनं वहीत लिहिलं होतं. तिनं पहिला मसुदा आणला त्यात होतं, ‘अनेक शाळांमध्ये पिण्याचे पाणी नाही, हे खरे आहे काय?’

काकांनी लाल पेन्सिल काढली. लाल पेन्सिल फक्त आकडे आणि तारखा यांच्यासाठी होती.

“अनेक म्हणजे किती?”

“म्हणजे… बऱ्याच, काका.”

“बऱ्याच म्हणजे किती? हे बघ, मंत्र्यांचं खातं भाग (अ)वर टपून बसलेलं असतं. त्यात एक खडा सापडला की झालं. ‘हे खरे नाही’ असं लिहायचं, आणि खालच्या सगळ्या भागांपुढं ‘प्रश्न उद्भवत नाही’. मंत्री खोटं बोलत नाहीत आणि खरंही सांगत नाहीत. वर पुन्हा वर्षभर तो विषय विचारता येत नाही. कळलं?”

“कळलं. मग काय करायचं?”

“फोन करायचा. ज्याचा प्रश्न आहे त्याला विचारायचं, कागद बघायचा, पुन्हा विचारायचं. स्वतःला माहीत आहे असं कधी समजायचं नाही.”

तिनं ते लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, “तुमचा कधी असा प्रश्न पडलाय, काका?”

“किटली बंद कर,” काका म्हणाले, “छपाई करायचीय.”

अहवालाचा विषय सगळ्यांना एकच असायचा: एका प्रश्नाचा प्रवास. अर्ज कुठून आला, मसुदा कसा झाला, उत्तर काय मिळालं, पुढं काय झालं. अहवालाच्या शेवटच्या पानावर कार्यालयातल्या मार्गदर्शकानं ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही करायची. त्या सहीशिवाय गुण नाहीत, आणि गुणांशिवाय सोळा आठवडे पाण्यात. काका सही करण्यात चिकट म्हणून प्रसिद्ध होते. एका विद्यार्थ्याला त्यांनी एका चुकीच्या वारासाठी तीन वेळा परत पाठवलं होतं.

“पडलेला प्रश्न घे,” काकांनीच तिला सांगितलं. “चाललेल्या प्रश्नातून काही शिकता येत नाही.”

दोन दिवसांनी ती तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीतून धुळीनं माखून वर आली. “चारशे सतरा नंबरचा घेतला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. सरकारी छापखाना, कामगारांचे कान.”

“तोच का?” काकांनी विचारलं.

“सगळ्यात पातळ फाइल तीच होती,” ती प्रामाणिकपणे म्हणाली.

काकांना वाटलं, खुर्ची जरा मागं सरकली असावी. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं त्यांनी अठ्ठावीस वर्षं गिळून ठेवलं होतं आणि आता वर येण्याची त्याची सवय मोडली होती.

तो छापखाना म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा, दादांचा छापखाना. तिथल्या तीन नंबरच्या विभागात नवी यंत्रं आली आणि दोन वर्षांत त्रेसष्ट कामगारांचे कान गेले. दादांचे दोन्ही गेले. कामगारांनी अर्ज केला. काका तेव्हा नोकरीत नुकतेच रुळत होते, तिसरंच वर्ष. अर्ज त्यांच्या टेबलावर आला तेव्हा त्यांना काय आनंद झाला होता. घरचा प्रश्न, घरचा माणूस. दादा जेवताना म्हणालेच होते की यंत्रं मार्चमध्ये आली. काकांनी भाग (अ)मध्ये लिहिलं: ‘मार्च महिन्यात बसवण्यात आलेल्या यंत्रांमुळे…’ मसुदा अकराच्या आत द्यायचा होता आणि दहा वाजून गेले होते. फोन हाताशी होता. पण आपल्याच भावाच्या प्रश्नाबद्दल भावाला काय विचारायचं, सगळं आपल्याला पाठ आहे, असं त्यांना वाटलं.

यंत्रं मार्चमध्ये आली होती हे खरं. पण ती खोक्यांतच पडून होती. बसवली जूनमध्ये. मंत्र्यांचं उत्तर आलं: ‘(अ) मार्च महिन्यात कोणतीही यंत्रे बसवण्यात आलेली नाहीत. सबब, हे खरे नाही. (ब), (क) व (ड) प्रश्न उद्भवत नाही.’ पुन्हा विचारायला वर्ष थांबायचं होतं. त्या वर्षात छापखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, आवाज मोजायला काही उरलंच नाही.

उत्तराचा कागद काकांनीच दादांना नेऊन दिला होता. दादांनी वाचला, लाल झाले. “खोटारडा मेला,” ते मंत्र्यांबद्दल म्हणाले. काकांनी तेव्हा फक्त मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. पण त्या एका मानेवर अठ्ठावीस वर्षं निघाली. दादांनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. मंत्री कसे तोंडावर खोटं बोलतात याचा तो त्यांचा पुरावा होता.

चौदाव्या आठवड्यात विद्यार्थिनी अहवाल घेऊन आली. तिचे डोळे लकाकत होते.

“काका, मंत्री खोटं नव्हते बोलले. छापखान्याची आवक-जावक नोंदवही सापडली मला. खोकी आली अकरा मार्चला, यंत्रं बसवली दोन जूनला. चूक मसुद्यातच होती. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत ना, तंतोतंत तेच.”

“बरं,” काका म्हणाले.

“एक फोन केला असता तर त्रेसष्ट माणसांचं काम झालं असतं. मला तर रागच आला लिहिताना.” ती टेबलाच्या कडेला टेकली. “आणि अर्जदार कामगारांच्या यादीतला नववा माणूस याच शहरात राहतो. गंमत म्हणजे आडनाव तुमचंच.”

“माझा भाऊ आहे तो.”

तिनं तोंडावर हात ठेवला. “मग तर बरंच झालं. मी रविवारी त्यांना भेटते आणि एक प्रत देते. चालेल ना? खरं काय घडलं ते त्यांना कळायला हवं.”

काकांनी अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला. “शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचाय ना? वाचतो.”

त्यांनी तो त्याच दुपारी वाचला. चांगला लिहिला होता. एकतीस वर्षांत इतका नीट अहवाल त्यांनी पाहिला नव्हता. सगळ्या तारखा बरोबर, सगळे आकडे बरोबर. पान नऊवर एक वाक्य होतं: ‘सदर मसुदा तत्कालीन सचिवांनी तयार केला.’ तिची चूक नव्हती. फॉर्मवर सही तेव्हाच्या सदस्यांच्या सचिवांची होती. सही नेहमी सचिवच करायचे आणि लिहायचे कारकून. सचिव जाऊन बारा वर्षं झाली होती. मूल ना बाळ. कुणी येऊन भांडेल अशी काही भीती नव्हती.

खाली ‘तपासले, बरोबर आहे’ एवढंच लिहायचं होतं. दादांना प्रत मिळाली असती, त्यांनी मंत्र्यांऐवजी सचिवांना दोन शिव्या दिल्या असत्या, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. बुधवारी काकांनी ड्रॉवर दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. विद्यार्थिनी समोर बसून टाइप करत होती. तिनं एकदा विचारलं, “काही चुकलंय का, काका?” ते म्हणाले, “अजून वाचतोय.” तिनं आणखी काही विचारलं नाही, कारण सही मिळेपर्यंत काकांना डिवचू नये हे तिला आधीच्या मुलांनी सांगून ठेवलं होतं.

रात्री जेवताना काकू म्हणाल्या, “आज तुमचं लक्ष नाही.”

“आहे.”

“मीठ नाहीये आमटीत. तुम्ही दोन वाट्या घेतल्यात.”

काकूंना सगळं ठाऊक होतं. तेव्हाही होतं. त्यांनी कधी विषय काढला नव्हता; आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला देणार. त्या इतकंच म्हणाल्या, “सचिव चांगले होते हो. आपल्या लग्नाला आले होते, भर उन्हात, कोट घालून.”

गुरुवारी सकाळी काकांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं. लाल पेन्सिल आकडे आणि तारखांसाठी होती, तरी तीच घेतली. पान नऊवरच्या त्या वाक्याखाली रेघ मारली, समासात ‘हे खरे नाही’ असं लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात: ‘मसुदा कनिष्ठ लिपिकाने तयार केला. तो अर्जदाराचा धाकटा भाऊ. त्याने फोन केला नाही.’ मग अहवाल तिच्यापुढं ठेवला.

ती वाचत होती तोवर काका खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकीतून जनरेटरची खोली दिसायची, दुसरं काही नाही.

“काका,” पानावर बोट ठेवून ती म्हणाली, “मी ते रागाबद्दल जे बोलले…”

“ते बरोबरच होतं.”

“हे असंच घालू?”

“घाल. (अ) चुकला की खालचं सगळं गळतं. तुझा अहवाल चांगला आहे, तो गळायला नको.”

तिनं ते पान पुन्हा टाइप केलं. काकांनी ते पुन्हा तपासलं, एक स्वल्पविराम काढला आणि सही केली.

“रविवारी जा तू दादाकडं,” ते म्हणाले. “त्याच्या आधी मला शनिवार दे.”

दर शनिवारी दुपारी दादा पत्ते खेळायला यायचे. पत्ते खेळायला कान लागत नाहीत, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. टेबलावर त्यांच्यासाठी एक वही असायची. कुणाला काही सांगायचं झालं की त्यात लिहायचं. दादा स्वतः मात्र बोलायचे, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळं खणखणीत बोलायचे. वरच्या मजल्यावरच्यांनाही त्यांची पानं कळायची. अगदी घरातलं काही असलं तरच तेही वहीत लिहायचे.

दुसरा डाव अर्ध्यावर होता. काकांनी आपली पानं पालथी ठेवली आणि वही ओढली. ‘दादा, तुला एक सांगायचं आहे’ असं लिहिलं, खोडलं. ‘छापखान्याच्या वेळी’ असं लिहिलं, तेही खोडलं. एकतीस वर्षं लेखणीवर पोट भरलेल्या माणसाला चार साधी वाक्यं जमेनात. शेवटी त्यांनी एका दमात लिहिलं, जसं येत होतं तसं:

‘(अ) छापखान्याच्या प्रश्नात “मार्चमध्ये बसवली” हे चुकीचे वाक्य दादाच्या धाकट्या भावाने, त्याला न विचारता लिहिले, हे खरे आहे काय? उत्तर: हे खरे आहे.

(ब) असल्यास, मंत्री खोटे बोलले नव्हते आणि भावाने हे अठ्ठावीस वर्षे लपवले, हे खरे आहे काय? उत्तर: हे खरे आहे.

(क) असल्यास, दादा आता काय करणार आहे?’

(क)पुढची जागा रिकामी ठेवून त्यांनी वही फिरवली.

दादांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. स्वयंपाकघरात काकूंचं भांडी लावणं थांबलं.

“फोन का नाही केलास?” दादांनी विचारलं. नेहमीसारखंच मोठ्यानं.

काकांनी लिहिलं, ‘मला वाटलं मला माहीत आहे.’

“त्रेसष्ट जण होतो आम्ही.” मग वहीवर बोट ठेवून, “त्या मंत्र्याला अठ्ठावीस वर्षं शिव्या घातल्या मी. मागच्या वर्षी गेला तेव्हासुद्धा घातल्या. आता त्याचं काय करू?”

दादांनी पेन घेतलं, वही आपल्याकडं ओढली आणि (क)पुढं हळूहळू काहीतरी लिहिलं. मग उठले, चप्पल घातली आणि चहा न घेता गेले. जिन्यावरून त्यांची पावलं बराच वेळ ऐकू आली.

काकांनी वही वाचली. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’

हे उत्तर कधी देतात, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार. नाही म्हणायचं नसतं आणि हो म्हणवत नसतं, तेव्हा मंत्री हे उत्तर देतात. कधी आठवड्यात माहिती येते, कधी पाच वर्षांत, आणि कधी येतच नाही. काकांना रडू आलं. ते तसेच बसून राहिले, आणि काकूंनी पत्ते उचलू नयेत म्हणून टेबलावर हात ठेवून राहिले.

विद्यार्थिनी रविवारी जाऊन आली. “त्यांनी प्रत घेतली, सगळी वाचली, ‘अक्षर मोठं हवं होतं’ म्हणाले,” तिनं सोमवारी सांगितलं. “तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत.” काकांनीही विचारलं नाही. ते आठवडाभर मसुदे लिहीत राहिले, आणि प्रत्येक तारखेसाठी तीन-तीन फोन करत राहिले.

शनिवार आला. डाव तसाच टेबलावर होता; काकू आठवडाभर पानांच्या बाजूबाजूनं जेवण वाढत होत्या. तीन वाजले. सव्वातीन झाले. दादा तीनच्या ठोक्याला यायचे. काकांनी पेपर उघडला आणि एकच ओळ चार वेळा वाचली.

साडेतीनला बेल वाजली. दादा आत आले, चप्पल काढली, आणि खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढून काकांच्या पुढ्यात ठेवलं. पाकिटाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. आत तो उत्तराचा कागद.

“हे आता तू ठेव,” ते म्हणाले. “मी पुष्कळ दिवस ठेवलं.”

काकांनी पाकीट घेतलं. ते कुठं ठेवावं हे न कळून हातातच धरलं. दादा आपल्या खुर्चीवर बसले, आपली पालथी पानं उचलली, नीट लावली आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “उतारी कुणाची?”

“माझी,” काका म्हणाले. मग आठवण होऊन त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, ‘माझी.’